हात सैल सोडा

"ही पाटी कुठल्या दिवट्यानं लावलीय? डावीकडे केवढी कललीय."

"मी लावलीय," मागून आवाज आला.

दवाखान्यातल्या उपचाराच्या खोलीच्या दारात मी वळून पाहिलं. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात खोलीच्या किल्ल्या, भिजलेले खांदे... आणि चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही. उलट हसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझंही काही चुकलं नव्हतं म्हणा. मी दुकानांच्या पाट्या रंगवते, बाबांच्या हाताखाली. तिरकी पाटी दिसली की माझं डोकं उठतं. पण उन्हाळ्यापासून ब्रश धरला की अंगठा आत वळायचा आणि ताठ व्हायचा. भाजी चिरताना ठीक, वेणी घालताना ठीक, फक्त ब्रश धरला की संप. डॉक्टर म्हणाले, दोष हाताचा नाही, हाताला हुकूम देणाऱ्या मेंदूचा. डोक्यावर बाहेरून चुंबकाचे ठोके देऊन त्याला शांत करून बघू. सुई नाही, चिरफाड नाही. गुण येईलच असंही नाही.

आणि ते ठोके देणारा तंत्रज्ञ म्हणजे हाच, किल्लीवाला.

त्यानं मला खुर्चीत बसवलं, कानांत बोळे दिले, डोक्याजवळ आठाच्या आकड्यासारखी कॉइल धरली. टक्. माझा अंगठा आपोआप उडाला.

"किती जोराच्या ठोक्यानं अंगठा जेमतेम हलतो ते बघायचं, त्यावरून डोस ठरतो," तो म्हणाला. "फक्त हात सैल सोडा."

"सोडलाय."

"हा सैल? यावर कपडे वाळत घालता येतील."

"घाला मग. पाटीसारखे तिरके घालू नका."

तो हसला, आणि माझा हात आणखीच ताठरला. त्याचं मनगट माझ्या कानाजवळ होतं... सैल कशी सोडणार?

रोज ठोके घेत आठवडे गेले. दर सोमवारी तो अंगठा बघायचा, डोस ठरवायचा, आणि आम्ही भांडायचो. घरी मात्र मला चैन नव्हतं. स्वयंपाकघरातून गच्चीत, गच्चीतून खाली.

"पायाला भिंगरी लावलीयस का?" बाबा विचारायचे.

अंगठा अजूनही वळतच होता. माझी अर्धी राहिलेली पाटी भिंतीला टेकून उभी होती. एका संध्याकाळी बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "उरलेली अक्षरं मशीनवर कापून घेऊ का, बेटा?"

मी "घ्या" म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

पुढच्या सोमवारी तो रजेवर होता. त्याच्या वरिष्ठ, मोठ्या मॅडम, मोजायला आल्या. टक्. अंगठा ढिम्म. त्यांनी जोर वाढवला, आणखी वाढवला, तेव्हा कुठे तो हलला.

"अगं, हा आकडा तर बराच वरचा आहे," त्या कागद बघत म्हणाल्या. "हात ताठ असला की अंगठा थोड्या जोरानंही उडतो. मग डोस कमी ठरतो. आज हात कसा मऊ आहे तुझा. एरवी काय होतं?"

एरवी काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी तो खोलीत आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "हात ताठ आहे हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. चेष्टेवारी नेलं. थांबायला हवं होतं, नीट बघायला हवं होतं."

"मग बघत कुठे होता?"

तो कॉइलची वायर उगाच गुंडाळत राहिला. "अंगठ्याकडे... नाही."

मी खुर्चीत नुसती चुळबुळत होते. म्हटलं, एकदाचं बोलून टाकू.

"माझा हात तुमच्यामुळे ताठ होतो. भीतीनं नाही. तुम्ही जवळ आलात की होतो."

बाहेर पाऊस पडत होता. त्यानं कॉइल स्टँडला अडकवली.

"मग मी या खोलीत नसलेलंच बरं," तो म्हणाला. "मॅडमना सांगतो. तुझा हात आधी."

पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला... आणि निघून गेला.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मॅडमचे ठोके मोजत बसायचे आणि दाराबाहेर किल्ल्या वाजल्या की श्वास रोखायचे. हात मात्र हट्टानं सैल ठेवायचे. त्यानं माझ्यासाठी खोली सोडली होती, ते मला वाया घालवायचं नव्हतं. हळूहळू अंगठा कमी वळायला लागला. मग एका सकाळी मी ब्रश धरला आणि एक पूर्ण ओळ काढली. शेवटी थोडा थरथरला, पण वळला नाही. बाबा रंगाचा डबा माझ्याजवळ सरकवून गेले.

उपचार संपल्यावर मी त्या खोलीसाठी नवी पाटी रंगवून नेली. तो स्टुलावर चढला, मी खालून बघत उभी राहिले. खिळा दोनदा वाकला. तिसऱ्यांदा हातोडी बोटावर बसली.

"डावीकडे कललीय," मी म्हटलं.

"तू अशी बघत राहिलीस तर कलणारच."

मी हात वर करून त्याचं मनगट धरलं. चांगलंच ताठ होतं.

"सैल सोड," मी म्हटलं.

"नाही सुटत," तो म्हणाला, आणि हातोडी खाली ठेवून माझा हात धरला.

पाटी अजूनही तिरकीच आहे. मी ती सरळ करू देत नाही.