हवेची नळी

तोंगोय बंदराच्या बाजारात टोमॅटोची शेवटची टोपली होती. एका बाजूनं मी धरली, दुसऱ्या बाजूनं त्यानं. टोपली मी जिंकले. तेव्हापासून महिनाभर तो माझ्या खानावळीत रोज यायचा.

एलिसेओ पाणबुड्या. माझा बापही पाणबुड्याच. खोल पाण्यातून घाईनं वर आला, अंगात हवेचे बुडबुडे अडकले आणि सहा वर्षं खाटेवर सडला. म्हणून मी ठरवलं होतं, जीव लावायचा तर कोणालाही... पाणबुड्याला नाही.

त्या दिवशी सात वाजता मी दार ओढत होते, तर हा ओलाच्या ओला समोर! हातात शिंपल्यांची जाळी.

"बंद झालंय."

"मग तुझ्यापुरतं रांध, मालकीणबाई. मी नुसता बघत बसतो."

"बघून पोट भरतं?"

"तुला बघून... थोडंफार."

तोंड फिरवून मी तवा तापवला. शिंपल्यांतलं मांस फडक्यानं कोरडं टिपलं. तव्यातून धूर निघाला तसं टाकलं— एक मिनिट, पलटून अर्धं. बाजूला कोवळ्या शेंगा, मक्याचे दाणे, टोमॅटो. वर लिंबू पिळलं.

त्यानं काटा डाव्या हातात घेतला.

"उजव्याला काय झालं?"

"काही नाही गं. खांद्यात जरा... मुंग्या."

बापालाही आधी मुंग्याच आल्या होत्या. "किती खोल होतास?"

"तीस मीटर. आजची चौथी बुडी."

"वर येताना मधे मधे थांबलास?"

त्यानं काटा खाली ठेवला. "तू सातला बंद करतेस ना—"

"गाढवा! माझ्या नावानं मरणार होतास?"

ताट तसंच टाकून त्याला गाडीत कोंबलं नि शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथं त्याला दाबाच्या हवेच्या कोठडीत घातलं. दुसऱ्या दुपारी बाहेर काढलं तेव्हा बोटं हलत होती. डॉक्टरनं सहा महिने पाण्यात उतरणं बंद केलं.

"वर होडीत तुझी हवेची नळी कोणी धरली होती?" मी विचारलं.

"चुलतभावानं. मी ओढ म्हणून खूण केली, त्यानं ओढलं."

"सहा महिन्यांनी उतरशील तेव्हा नळी मी धरणार. मी थांब म्हणेन तिथं थांबायचं."

"होडीत बाई म्हणजे अपशकुन, ओरिआना. सगळे बोंबलतील."

"माझ्या बापाच्या होडीत एकही बाई नव्हती."

त्याचा उजवा हात हळूहळू पुढं आला, माझ्या बोटांवर कसाबसा मिटला.

"एवढाच जोर आहे... सध्या."

"असू दे," मी म्हटलं. "घाई नाही."