चढावरचं अर्धं निरूपण

गाडीतला जुना स्टिरिओ नेमका कधी बंद पडला, ते कुणालाच सांगता आलं नसतं. एरवीही तो खड्डा लागला तरच गायचा. त्यामुळे चार दिवस गप्प राहिला, तेव्हा सगळ्यांना वाटलं रस्ताच सुधारला असेल.

"आता त्याला निरोप दे," आत्या म्हणाली. "मोबाईलला जोडता येईल असा बघ. आणि दुकानदार गोड बोलला की लगेच हो म्हणू नकोस."

आत्याची मोटार शिकवण्याची शाळा होती आणि शिकवायचं काम भाचीकडे. शिकायला येणाऱ्या बायका तिला मास्तरीण म्हणायच्या. ते नाव असं चिकटलं, की घरची माणसंही तिला त्याच नावाने हाक मारू लागली.

स्टिरिओचं दुकान चढावर होतं. भिंतीवर ओळीने लुकलुकणारे स्टिरिओ, आणि बाजूला दोन गाड्या मावतील एवढी शेड. शेडमधल्या गाडीच्या डॅशबोर्डखालून दोन पाय बाहेर आले होते.

"कुणी आहे का?" मास्तरणीने पायांना विचारलं.

"आहे... अर्धा," आतून उत्तर आलं. मग उरलेला अर्धा बाहेर आला. केसांत वायरच्या साली, दातांत चिकटपट्टी, आणि तिला पाहून ती चिकटपट्टी दातांतच विसरलेली.

"तोंडाला पट्टी आहे तुमच्या," ती म्हणाली.

त्याने घाईघाईने काढली. "म्हणूनच लोक म्हणतात, मी कमी बोलतो."

त्याने तिच्यासमोर दुकानातला सगळ्यात मोठा स्टिरिओ लावला. "हा बघा. नकाशा दिसतो, फोन कुणाचा आलाय ते दिसतं, गाण्याचं चित्रसुद्धा..."

"मला काहीच दिसायला नकोय." तिने सरळ डोळे मिटले आणि हात पुढे केला. "आवाज कमी कसा करायचा?"

"खाली... उजवीकडे..."

तिचं बोट गुळगुळीत काचेवरून घसरलं आणि अख्खं दुकान दणाणलं.

"नापास," डोळे न उघडता ती म्हणाली. "पुढचा."

तिचा एक डोळा रस्त्यावर असायचा, दुसरा शिकणारीच्या पायांवर. तिसरा देवाने दिलेला नाही, असं तिने त्याला समजावून सांगितलं. त्याने न हसता मान डोलावली आणि एकेक स्टिरिओ तिच्या हाताखाली आणून धरू लागला. ती मिटल्या डोळ्यांनी चाचपायची आणि नापास करायची. शेवटी त्याने खालच्या फळीवरून एक छोटासा काढला. त्याला मधोमध जाडसर गोल बटण होतं. तिने ते फिरवलं, तसा आवाज उतारावरून गाडी यावी तसा अलगद खाली आला.

"हा," ती म्हणाली आणि तिने डोळे उघडले. तो स्टिरिओकडे बघतच नव्हता. त्याचे कान लाल झाले.

"हा... हा बोललेलं ऐकतो," तो गडबडीने म्हणाला. "फोन लाव म्हटलं की लावतो. गप्प म्हटलं की गप्प."

"सांगितलेलं ऐकतो? या जन्मात असा पहिलाच भेटला."

"मी पण ऐकतो," तो बोलून गेला. "म्हणजे... गिऱ्हाइकाचं."

तिने किल्ली पुढे केली. "घ्या गाडी आत."

त्याने किल्ली उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "तुम्हीच लावा. दुसऱ्याच्या गाडीला मी उगाच हात लावत नाही."

"अहो, मग स्टिरिओ काय पायाने बसवणार?"

तो पक्कड शोधायला वळला. तिनेच गाडी आत घेतली.

दुकानाची एक रीत होती. बसवलेला प्रत्येक स्टिरिओ तो आधी स्वतःच्या फोनला जोडून ऐकायचा, मग त्यातून आपल्या फोनची ओळख पुसून टाकायचा, आणि मगच गाडी द्यायचा. यात त्याच्या हातून कधी चूक झाली नव्हती. त्या दिवशीही त्याने सगळं नीट केलं. बोलण्यासाठीचा छोटा माईक आरशाशेजारी लावला, फोन जोडला, आणि गाडीत एक म्हातारा, खरखरीत, प्रेमळ आवाज भरून आला. एक ओळ गायची, थांबायचं, गोष्ट सांगायची, पुन्हा तीच ओळ, पण या वेळी ती काळजात जाऊन बसायची.

फोन पुसायला त्याने बोट पुढे केलं, तेवढ्यात तिने विचारलं, "हे कोण गातंय?"

"एक बुवा आहेत. गात गात निरूपण करतात. काम करताना ऐकतो मी. हात तारांत असले तरी मन ठिकाणावर राहतं."

"आणि गोष्ट कसली?"

"नावाड्याची. सगळ्यांना पलीकडे नेऊन सोडतो, पण तो स्वतः..."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. गोष्ट अर्धी राहिली, आणि फोन पुसायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्या काकूंना चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला शिकवायचं होतं. शिकवताना फोन बंद करून पिशवीत, हा आत्याचा कडक नियम. दुकानासमोरच काकूंची गाडी बंद पडली. त्यांनी किल्ली फिरवली आणि स्टिरिओतून बुवा बोलू लागले, "...तेव्हा नावाडी हसला आणि म्हणाला, हात द्यायला तुम्ही आहात ना..." गाडी धडपडत वर गेली आणि वळणावर आवाज तुटला.

"रेडिओ छान लागतो हो," काकू म्हणाल्या.

मास्तरणीला मात्र उमगलं. स्टिरिओला आपला फोन सापडला नाही, म्हणून त्याने ओळखीचा दुसरा शोधला. एक बटण दाबलं असतं तर ती ओळख पुसली गेली असती. तिचं बोट तिथवर गेलं... आणि परत आलं.

त्यानंतर तिच्या सगळ्या विद्यार्थिनींना चढ त्याच रस्त्यावर शिकावा लागला. ज्यांना येत होता, त्यांनाही. "अजून एकदा. क्लच अर्धा सोडा. घाई नाही." रोज त्या वेळी बुवा तेवढंच वाक्य म्हणायचे. कसला हात, कुणाला द्यायचा, ते काही कळायचं नाही. पण बाजूच्या आरशात शेड दिसायची. तो मान वर करून गाडीकडे बघायचा. ती आरशाकडे. आरसा बिचारा दोघांचं सांभाळून घ्यायचा.

मधल्या काळात त्याने तिला तीनदा वायर तपासायला बोलावलं. वायरला काहीही झालेलं नव्हतं.

सगळं असं छान चाललेलं असताना एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर मोठं, माणसं सालस. मुलाची आई कौतुकाने म्हणाली, "आमच्याकडे ड्रायव्हर आहे. तुला स्टिअरिंगला हात लावायची वेळ येणार नाही." मास्तरणीने चहाचा कप खाली ठेवला. रविवारी संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं.

"नाही म्हणायला माझी ना नाही," आत्या म्हणाली. "पण एवढ्या भल्या माणसांना काहीतरी कारण द्यावं लागेल. आहे तुझ्याकडे?"

कारण होतं. पण कारणाने अजून तोंड उघडलं नव्हतं. आणि तिने आपणहून जाऊन विचारायचं, तर काय विचारणार? तुमचा फोन माझ्या गाडीत का राहिला?

रविवारी दोघी निघाल्या. आत्या शिकवणाऱ्याच्या जागेवर, पायाशी जादा ब्रेक, आणि मास्तरणीचा फोन नियमाप्रमाणे पिशवीत बंद. गाडी चढाला लागली आणि स्टिरिओतून एक बाई बोलू लागल्या.

"...अरे, बोल की. मध्येच काय मुका झालास?"

आत्याने मागच्या सीटवर वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"हे बघ, मी तुझी मोठी बहीण आहे. तुझं गप्प बसणं मला पाठ आहे. त्या गाडी शिकवणाऱ्या मुलीला विचारलंस की नाही? तीन वेळा बोलावलंस वायर तपासायला. झिजेल रे ती वायर."

आत्याने शांतपणे आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी बरोबर दुकानासमोर उभी राहिली. शेडमध्ये तो फोन कानाला लावून "हॅलो, ताई? हॅलो?" करत होता. त्याचं ताईला ऐकू जात नव्हतं आणि ताईचं त्याला.

"म्हणे दिवसभर गाड्यांत बसतो आणि गाडी चालवता येत नाही, कळलं तर ती हसेल. हसू दे की. आणि फोन पुसायचा विसरलास, ते एक दिवस ठीक. पण तिची वेळ झाली की रोज त्या बुवांना मुद्दाम पहिल्यापासून लावून ठेवतोस, त्याला काय विसरणं म्हणतात?"

मास्तरणीचे कान तापले. ती आरशाशेजारच्या माईककडे वाकली. "ताई... ते इथे नाहीत. मी बोलतेय. गाडी शिकवणारी."

स्टिरिओतून जरा दबक्या आवाजात प्रश्न आला, "कुठपासून ऐकलंस गं?"

"वायर झिजायच्या आधीपासून."

"बरं झालं. माझं काम सोपं झालं. त्याला म्हणावं, जेवायला वेळेवर ये." आणि फोन ठेवला गेला.

एव्हाना त्याने हातातल्या मुक्या फोनकडे पाहिलं होतं, मग गाडीकडे, आणि त्याच्या सगळं लक्षात आलं होतं. तो रस्ता ओलांडून खिडकीशी आला. चेहरा परीक्षेला उशिरा पोचल्यासारखा.

"काय म्हणाली ताई?"

"जेवायला वेळेवर ये म्हणाली," आत्याने सांगितलं.

तो मास्तरणीकडे वळला. "मला गाडी चालवता येत नाही. गाडीत असतो, पण डोकं खाली आणि पाय वर. आणि तो फोन... पहिल्या दिवशी खरंच विसरलो होतो, देवाशपथ. दुसऱ्या दिवसापासून नाही विसरलो."

"मीही पुसला नाही," ती म्हणाली.

मागून एकाने हॉर्न दिला, आत्याने हात बाहेर काढून त्याला बाजूने जायला सांगितलं.

"एक ऐका," मास्तरीण म्हणाली. तिची बोटं स्टिअरिंगवर घट्ट होती. "लग्न झालं तरी मी गाडी शिकवणं सोडणार नाही. कुणासाठीच नाही."

"सोडलंत तर मग मला कोण शिकवणार?" त्याने विचारलं.

आत्याने दार उघडलं आणि ती खाली उतरली. "मिळालं कारण. मी दुसरी गाडी करून जाते. नाही म्हणायला एकटी पुरे." मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "परवाना आहे का शिकाऊ?"

"गेल्याच आठवड्यात काढलाय. तुमच्या शाळेत नाव घालणार होतो... धीर झाला नाही."

"घातलं," आत्या म्हणाली.

मास्तरीण आत्याच्या जागेवर सरकली. तो स्टिअरिंगमागे बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं डोकं डॅशबोर्डच्या वर होतं. त्याने किल्ली फिरवली. खिशातल्या फोनला स्टिरिओने ओळखलं आणि बुवा गाऊ लागले.

"आता सांगा," तिने गोल बटणाने आवाज हलकेच कमी केला. "त्या नावाड्याचं काय होतं?"

"त्याला पोहता येत नाही. सगळा जन्म पाण्यावर, पण पाण्यात उतरायची भीती. एकदा नावेत बसलेली बाई विचारते, बुडालास तर रे? पुढचं मला माहीत नाही."

"रोज लावून?"

"तिथवर आलं की तुमची गाडी यायची आणि बुवा तुमच्याकडे जायचे. मागे घेऊन ऐकता आलं असतं... पण म्हटलं, ते तुमच्याकडेच राहू दे."

ती खुदकन हसली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तो म्हणतो, हात द्यायला तुम्ही आहात ना."

गिअरच्या दांड्यावरच्या त्याच्या हातावर तिने आपला हात ठेवला, पहिला गिअर टाकला आणि हात तिथेच राहू दिला.

"क्लच अर्धा सोडा. घाई नाही."

गाडी बोटभर मागे सरकली, थरथरली, आणि चढ चढू लागली. तिचा पाय ब्रेकवर होता, पण दाबावा लागला नाही. वळण आलं, मागे गेलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिथे बुवांचा आवाज तुटला नाही.