पन्नास तासांचं तेल

पहिल्या भेटीतही ती त्याच्यावर चिडलीच होती. नदीच्या मधोमध तिच्या होडीची मोटर बंद पडली आणि प्रवाशांतला एक अनोळखी माणूस, ना विचारणं ना पुसणं, खिशातला पाना काढून मोटरचं झाकण उघडून बसला. होडी माझी आहे, असं तिने त्याला ठणकावलं. तो म्हणाला, तुमचीच आहे, मी नुसता मेकॅनिक. दहा मिनिटांत मोटर सुरू झाली, आणि तेव्हापासून गेले सात महिने होडीचं सगळं काम त्याच्याकडे होतं.

आज मात्र तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. बाबांच्या पेटीत तिला मोटरचं छापील पुस्तक सापडलं होतं. तेल दर शंभर तासांनी बदला, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. आणि हा गृहस्थ पन्नास तास झाले की तिला बोलावून घ्यायचा! दर नवव्या दिवशी सकाळची पहिली फेरी बुडायची, पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सना लांबच्या पुलावरून तंगडतोड करावी लागायची. धक्क्यावरचे होडीवाले हसायचे, तो तुला बनवतोय म्हणायचे. आणि ती त्याची बाजू घेऊन त्या सगळ्यांशी भांडायची. तिला खरा राग आला होता तो याचाच.

होडी त्याच्या वर्कशॉपखाली बांधून ती वर गेली आणि तिने पुस्तक त्याच्यासमोर आपटलं.

त्याने पान वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"ते... तुमची मोटर दिवसभर चालते, म्हणून—"

"थापा पुरे. आज तेल मी बदलणार. यापुढेही मीच. तुम्ही हात लावायचा नाही."

तो तिच्या मागोमाग खाली आला आणि हाताची घडी घालून धक्क्यावर उभा राहिला. तिने मोटर तिरकी केली, खाली तसराळं धरलं आणि बूच काढलं. मोटर अजून गरम होती, तेल भराभर उतरलं. मधासारखं स्वच्छ तेल! ते बघून ती आणखीच भडकली. बुचाचं वॉशर नवीन, फिल्टर नवीन, सगळं तिने त्याच्याच पद्धतीने केलं, कारण सात महिने ती त्याचे हात बघत आली होती. नवं तेल ओतून तिने मापाची काडी बुडवली. तेल कमी. थोडं ओतलं, तरी कमीच. तिने दुसरा डबा उघडला.

"थांबा," तो हळूच म्हणाला. "हात लावत नाही, नुसतं बोलतो. मोटर उभी करा. तिरक्या मोटरमध्ये काडी खोटं बोलते."

तिने मोटर उभी केली, काडी पुसून पुन्हा बुडवली. तेल अगदी वरच्या खुणेला टेकलं होतं. आणखी ओतलं असतं तर मोटर धूर ओकली असती. तो बरोबर निघाला याचाही तिला राग आला.

"काडीचं समजू शकते," ती म्हणाली. "माणसं तर सरळ उभी राहून खोटं बोलतात."

त्याने हाताची घडी सोडली.

"शंभर तास म्हटलं असतं, तर अठरा दिवस तुम्ही इकडे फिरकला नसता. माझे नऊच निघत नव्हते... चुकलं माझं."

तिच्या हातातली काडी तशीच राहिली. छातीत काहीतरी धडधडलं, आणि मोटर तर बंद होती.

"तोंड होतं ना तुम्हाला? नुसतं ये म्हणाला असता तर... आले नसते का मी?"

त्याने मान वर केली. तिने चटकन पाठ फिरवून काडी जागेवर बसवली, मोटर सुरू केली, बुचाखाली बोट फिरवून पाहिलं. कोरडं होतं. मग कपाळावरची आठी तशीच ठेवून तिने दोर सोडला.

"उद्या पहिल्या फेरीला होडीत हजर राहायचं. एकेका नर्सची माफी मागायची."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. आणि त्यांच्या पाळ्या बदलत असतात," ती म्हणाली. "रोज यावं लागेल."