वाळूकडची हाक

मंगळवारच्या बाजारातून इन्साफ परतली तेव्हा गाढवाच्या पाठीवर कोंड्याची दोन पोती होती, पदराला चहापत्तीची पुडी बांधलेली होती आणि डोक्यात एवढाच विचार होता, की आधी पाय धुवायचे आणि मग चहा टाकायचा. खमासीनचे, वाळवंटी धुळीच्या वाऱ्याचे, दिवस होते. वारा पडला होता, पण हवेतली धूळ अजून खाली बसली नव्हती. सूर्य पितळी ताटासारखा मळकट दिसत होता.

बांधावर जमालात कपडे गोळा करत होती. इन्साफला शेजार असा तिचाच. जमालातच्या घरापासून वाडी सुरू व्हायची आणि इन्साफच्या घरापासून वाळू.

“आलीस का गं?” जमालात म्हणाली. “आज घसा बसवायचा पण केला होतास की काय? असरची अजान झाली तशी कोंबड्यांना ज्या हाका मारत सुटलीस, थांबेचिनास.”

“मी? मी तर बाजारात होते.”

“चल गं! तुझा आवाज मला कळत नाही होय? मधेच ते तुझं खाकरणंसुद्धा.”

इन्साफ हसली. जमालातचे कान आता गेले, असं मनात म्हणत ती घरी आली. मगरिबच्या सुमारास, दिवस मावळताना, कोंबड्या खुराड्यात शिरल्या तेव्हा तिने सवयीने मोजल्या. सत्तावीसच्या सव्वीस भरल्या.

आता इन्साफची कोंबडी जाणं ही काही साधी गोष्ट नव्हती. नवरा मुतवल्ली चार वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नव्हतं. तिचा संसार म्हणजे या चंदेरी मानेच्या, काळ्या डोळ्यांच्या, हात लावला की किंचाळणाऱ्या फयूमी जातीच्या कोंबड्या. अंडी विकून ती स्वतःचं खात होती, स्वतःच्या दाराला स्वतः कडी लावत होती. आणि कोंबड्या राखण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. कोल्ह्याने उकरू नये म्हणून कुंपणाखाली तिने हातभर खोल दगड पुरले होते. वर खजुराच्या काटेरी झावळ्या बाहेरच्या बाजूला झुकवून बांधल्या होत्या. पिलांच्या कोपऱ्यावर घारीसाठी कोळ्यांचं जुनं जाळं होतं. खुराड्याच्या झरोक्याला इतकी बारीक तार होती, की बोटाएवढ्या फटीतून आत शिरणाऱ्या इर्सा नावाच्या चिमुकल्या शिकारी जनावराचंही डोकं अडकावं. मुंगूस मान फोडून रक्त पितं, इर्सा एका रात्रीत दहा मारून एकही खात नाही, कोल्हा पिसांचा सडा टाकतो. मेलेली कोंबडी बघून मारेकऱ्याचं नाव सांगावं ते इन्साफनेच.

पण इथे मेलेली कोंबडीच नव्हती. रक्ताचा थेंब नाही की पीस नाही. अंतर नावाचा तिचा कुत्रा उंबऱ्याशी निवांत पडला होता.

दुसऱ्या दिवशी ती कालव्यावर धुणं धुवायला गेली, आणि एक गेली. त्यानंतर गिरणीत गेली, तेव्हा आणखी एक. ती घरी असली की काही घडायचं नाही. पाठ फिरली की असरच्या वेळी, तिसऱ्या प्रहरी, जमालातला हाका ऐकू यायच्या. आता जमालात ते हसून सांगत नव्हती.

चौथ्या वेळी इन्साफने दाराबाहेर चुलीतली राख पसरून ठेवली. परत आल्यावर राखेत तीन बोटांचे ठसे होते, एकाच कोंबडीचे. ती त्यांच्यामागे निघाली. गवताचं शेत संपलं, शेवटचा बांध ओलांडला, वाळू लागली. ठसे सरळ पुढे चालले होते, दोरी लावल्यासारखे. इन्साफ तिथेच थबकली. जन्मात तिने कोंबडीला सरळ रेषेत चालताना पाहिलं नव्हतं. दोन पावलं टाकली की कोंबडी थांबते, टोचते, वळते. ही कुठेच थांबली नव्हती. वाळूत एक उथळ खळगा होता, खाटेएवढा. ठसे त्याच्या कडेपर्यंत गेले होते आणि तिथेच संपले होते. पलीकडे वाळू गुळगुळीत.

तिने खळग्यात काठी खुपसून पाहिली. वाळू कोरडी होती, खालपर्यंत.

पाचवी गेल्यावर तिने सगळ्या कड्या घालून कोंबड्यांना खुराड्यात डांबलं आणि गवत कापायला गेली. आली तो आतून धडधड ऐकू येत होती. कोंबड्या वाळूकडच्या भिंतीवर डोकी आपटत होत्या. सात-आठ जणींचे तुरे रक्ताळले होते. दार उघडताच एक तिच्या पायांमधून निसटली आणि मागे न बघता निघून गेली. तिला पकडायला इन्साफ धावली, पण अंधारून आलं होतं.

दीर अब्दुल-तव्वाब गावात राहायचा. त्याला कुठून कळलं कोण जाणे, दुसऱ्या सकाळी दारात हजर.

“वहिनी, आता कोंबड्यासुद्धा तुला सोडून चालल्या. एकटी बाई, वाळूच्या तोंडावर राहते. लोक मला काय म्हणत असतील? घराला कुलूप लाव आणि आमच्याकडे चल. वरची खोली रिकामी आहे.”

“तुमच्या बायकोच्या पोरांचे लंगोट धुवायला?”

“वाईट काय आहे त्यात?”

“काही नाही. पण इथली भिंत मी आणि तुमच्या भावाने थापली आहे. चहा घ्या आणि निघा.”

तो गेला. दुपारी जमालात आली. तिने मात्र दुसराच सूर लावला.

“मी काय म्हणते इन्साफ... आठवड्याला एखादी जाऊ दे. असतो कुणाकुणाचा वाटा. बोलू नये त्याबद्दल. आपण गप्प राहावं.”

“कसला वाटा?” इन्साफ उसळली. “दाणे मी टाकते. घाण मी काढते. आजारी पडली तर चोच उघडून लसूण मी भरवते. आणि वाटा त्याचा? जमालात, माझ्या कोंबड्या माझ्या सुरीखाली मरतील, नाहीतर म्हाताऱ्या होऊन मरतील. तिसरी वाट मी ठेवलेली नाही.”

मंगळवारी ती नेहमीसारखी गाढव घेऊन बाजाराला निघाली. जमालातच्या अंगणात गाढव बांधलं आणि खजुरांच्या आडून, वाकून, परत घरी आली. भाकरीच्या भट्टीमागे मुतवल्लीची जाड काठी घेऊन बसली. कोंबड्या अंगणात उकरत होत्या. भट्टीच्या मातीचा ऊबदार वास येत होता. दूर वाडीत असरची अजान झाली आणि विरली.

मग हाक आली.

“तीऽत, तीत, तीत... या गं बायांनो... या...”

इन्साफच्या अंगावर काटा आला तो आवाज परका होता म्हणून नव्हे. तो तिचाच होता. तीच शेवटी वर जाणारी लकेर. तेच मधलं खाकरणं, मुतवल्ली ज्याची नक्कल करून हसायचा. आवाज वाळूकडून येत होता, अगदी घरगुती, दाणे घेऊन उभ्या असलेल्या बाईचा.

एकवीसही कोंबड्यांच्या माना एकदम वर झाल्या. अंतर उठला आणि वाळूकडे तोंड करून शेपूट हलवू लागला. त्याच्या लेखी मालकीण तिकडे होती.

पहिली कोंबडी चालू लागली. सरळ.

इन्साफ उठली आणि ओरडली, “ए! थांब!”

तोंड उघडलं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, पण आवाज आला नाही. तिने पुन्हा जोर लावला. नुसती हवा. तिकडून हाका चालूच होत्या, आणि तिला कळून चुकलं, की आवाज नुसता तिच्यासारखा नव्हता. आवाज तिचाच होता. तिकडे होता, म्हणून इथे नव्हता.

जमालातचं घर दोनशे पावलांवर होतं, पण जाऊन सांगणार कशी? क्षणभर तिला वाटलं, बसून राहावं. जाऊ दे एक. जमालात म्हणते तसं गप्प राहावं...

त्या शब्दावरच ती भडकली. गप्प तर तिला केलंच होतं!

भट्टीवर कणकेची परात पालथी पडली होती. तिने ती उचलली आणि काठीने दणका दिला. कोंबड्या दचकल्या. दुसरा दणका, तिसरा. सरळ चाललेली कोंबडी अडखळली, गोल फिरली आणि किंचाळली. परात वाजवत इन्साफ तिच्या पुढे गेली, अंगणातून बाहेर, गवतातून, बांधावरून, वाळूत. मागे अंतर केविलवाणा कुंईकुंई करत होता.

ती जवळ येत गेली तशी हाक हळू झाली. मग कुजबुजली.

“इन्साफ... घरी जा... मी बघते त्यांच्याकडे...”

दणका.

“किती दमलीस... खाली बस जरा... वाळू गार आहे...”

दणका. खळगा समोर होता. आत काही नव्हतं. आवाज मात्र तिथूनच येत होता, तिच्या पायांच्या पातळीवरून. कसलासा जुना, खारा वास होता, बंद पडलेल्या विहिरीसारखा.

मग आवाज रडू लागला. मुतवल्लीच्या मयताला इन्साफ रडली नव्हती. बायकांनी नावं ठेवली होती, पण तिला रडू फुटलंच नव्हतं. ते रडणं आता ती ऐकत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हुंदक्यांसकट, त्याचं नाव घेऊन. तिच्या गालांवरून धुळीतून पाणी ओघळत होतं आणि घशातून आवाज निघत नव्हता. काठी हातात जड झाली.

तरी ती खळग्यात उतरली. जिथे ठसे संपायचे तिथे पाय रोवून उभी राहिली आणि परात वाजवत राहिली. परातीला पोचे आले, मग चीर गेली. काठीची साल तळव्यात घुसली. किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. सूर्य मात्र हलल्यासारखा वाटत नव्हता.

अचानक रडणं तुटलं. तिच्या घशात काहीतरी खरखरीत अडकलं, मूठभर वाळू गिळावी तसं. ती वाकून खोकली, खोकत राहिली आणि खोकल्याचा आवाज तिला ऐकू आला. इथे. स्वतःच्या छातीतून.

“माझ्या आहेत,” ती म्हणाली. आवाज फाटका होता. “ऐकलंस? सगळ्या माझ्या आहेत. दे इकडे!”

तिने दम घेतला, खाकरली, आणि गेली वीस वर्षं मारत होती तशी हाक मारली. “तीऽत, तीत, तीत... या गं बायांनो...”

तिच्या पाठीमागून, खळग्याच्या पलीकडच्या कडेवरून, जिथे वाळू गुळगुळीत होती तिथून, त्या आल्या. एकामागून एक. सहाच्या सहा. कुणी अंग झाडत होती, कुणी बाहेर येताच टोचायला लागली. इन्साफने वळून पलीकडे पाहिलं नाही. त्यांना पुढे घातलं आणि मागे न बघता घरी आणलं. जमालात बांधावर उभी होती, तोंडावर पदर घट्ट दाबून. इन्साफ म्हणाली, “गाढव घेऊन जाते हं.”

त्यानंतर हाक कधी आली नाही.

शुक्रवारी अब्दुल-तव्वाब पुन्हा आला, या वेळी बायकोला घेऊन. इन्साफने दोघांना चटईवर बसवलं. “राहायला येणार नाही,” ती म्हणाली, “पण जेवून जा. मुलुखिय्याची पालेभाजी करते, कोंबडीच्या रश्श्यातली.” मुद्दाम तिने परत आलेल्या सहांपैकी एक धरली. बिस्मिल्ला म्हणून कापली. ‘माझ्या सुरीखाली मरतील’ हे आपलं बोलणं तिला खरं करायचं होतं.

पिसं काढून झाल्यावर तिने गळ्याखालची पिशवी चिरली. मका असेल, गवत असेल, खडे असतील. पिशवीतून तिच्या तळहातावर एक मासा घसरला. बोटभर लांब, पांढराफटक. डोळ्यांच्या जागी नुसतं कातडं. इन्साफ लहानपणापासून गावापलीकडच्या सरोवराची मासळी साफ करत आली होती. हा त्यातला नव्हता; हा कधी उजेड न पाहिलेल्या पाण्यातला होता.

तिच्या हातात त्याचे कल्ले उघडले. मिटले. पुन्हा उघडले.

“वहिनी, काही मदत हवी का?” आतून जाऊबाईंनी विचारलं.

“नको. बसा तुम्ही,” इन्साफ म्हणाली. तिने मासा दगडावर ठेवला, सुरीच्या मुठीने ठेचला आणि चुलीत टाकला. हात दोनदा धुतले. मग मांडीवर हात पुसत ती अंगणात गेली.

एकवीस कोंबड्या झावळ्यांच्या सावलीत उकरत होत्या. उरलेल्या पाच पाण्याच्या कुंडीभोवती उभ्या होत्या. पीत नव्हत्या. माना वाकवून, अजिबात न हलता, आत खोल बघत होत्या. कुंडी वीतभरच खोल होती.

इन्साफने लाथेने कुंडी उलटी केली. मातीने पाणी शोषून घेतलं. तिने माठातून नवं पाणी आणून ओतलं, समोर उकिडवी बसली आणि सुरी मांडीवर आडवी ठेवली.

“प्या,” ती म्हणाली. “मी बसले आहे.”

पाचही जणींनी माना हळूच वर केल्या आणि त्या तिच्याकडे बघू लागल्या.