दुपारचा पाळणा

लग्नाला चार वर्षं झाली, तेव्हा एका दुपारी रुख्मिणीची आपल्या नवऱ्याशी अचानक भेट झाली. तिच्या हातात त्या वेळी मुसळ होतं.

त्याचं असं झालं. तीन दिवस पाळणा आपोआप हलत होता.

भाद्रपदाची झड लागलेली. धाब्याचं घर ओलसर, मुकं. जेवणं झाली की सासरे उकंडराव ओसरीवर अडकित्ता उशाशी ठेवून आडवे व्हायचे आणि सासूबाई, झुंबरबाई, माजघरात तोंडावर पदर घेऊन निजायच्या. परसातली भांडी घासून रुख्मिणी आत यावी, तर मधल्या खोलीत दारकाचा पाळणा झुलत असायचा. जवळ कुणी नाही. अकरा महिन्यांची दारका आत गाढ झोपलेली... आणि वरची दोरी मात्र कुरकुरत असायची, जणू कुणी आत्ताच उठून गेलं.

तिनं सासूबाईंना सांगितलं. झुंबरबाईंनी मीठमिरच्या ओवाळल्या, पाळण्याला बिब्बा बांधला, आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "हरिदासच्या टायमालेबी असाच हालत होता. म्या बोलली नाई तुले."

हरिदास म्हणजे रुख्मिणीचा पहिला. पाच महिन्यांचा होऊन गेला.

अमरावतीच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली रुख्मिणी भुताखेतांना मानत नव्हती. पण ज्यांना ती भ्यायची त्यांची यादी काही लहान नव्हती. गोवऱ्यांतला विंचू, बिनकठड्याची विहीर, चुलीतून उडणारा निखारा, माशी बसलेलं दूध. रात्रीतून चारदा उठून ती लेकीच्या नाकाशी बोट धरायची. झुंबरबाई म्हणायच्या, "कालेजात भ्याचंच शिकोत होते काय वं?" वडील गेले नसते, काकांनी घाईनं या उंद्री गावात दिली नसती, तर कदाचित ती आणखीही काही शिकली असती.

चौथ्या दुपारी तिनं परसात भांडी मुद्दाम जोरानं आपटली, मग अनवाणी आत येऊन धान्याच्या कणगीमागं उभी राहिली. हातात मुसळ... भुताला त्याचा काय उपयोग, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

गोठ्याकडच्या दारातून ओल्या पावलांचा आवाज आला. एक सावली ओसरीच्या दाराकडं बघत थबकली. मग एक हात पुढं झाला आणि पाळण्याच्या काठाला एकाच बोटानं, अगदी हलकेच, झोका दिला.

"कोण आहे?"

निवृत्ती दचकून वळला. चार वर्षांत तिनं त्याला उजेडात असं समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं. घरात थोर माणसं असताना नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही, तिनं मान वर करायची नाही. आणि थोर माणसं तर घरात सदाच असत. त्याच्या डाव्या भुवईखाली एक जुनी खोक होती. ही खोक तिला ठाऊक नव्हती.

"चोर," तो हळूच म्हणाला. "मुसळ खाली ठेव अगुदर. चोर भेकड आहे."

"काय चोरायला आलात?"

"घरचंच."

"आणि दिवसाढवळ्या?"

"रातच्यानं मायचा पहारा असते ना. लेकरू झाल्यापासून तू तिच्याच जवळ निजतं." तो हसला. त्याला हसताना खालचा ओठ दाबून धरायची सवय होती, हेही तिला त्याच वेळी कळलं.

तीही हसली असती. पण ओठावर आलेलं हसू तसंच थांबलं. "म्हणजे... हरिदासचाही तुम्हीच हलवत होता?"

त्यानं झुलता पाळणा थांबवला. "हाव."

"आणि कधी उचललं नाहीत त्याला. एकदाही." तिचा आवाज खाली गेला. "पहिल्यांदा हातात घेतलंत ते... पांढऱ्या फडक्यात. नाल्याकडं नेताना."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. निवृत्तीनं खांद्यावरची ओली घोंगडी काढली, घडी केली, पुन्हा मोडली.

"बाबाचं नाव उकंडा काऊन ठेवलं, ठाव आहे तुले? त्याईच्या अगुदर दोघं गेले. मंग हे झाले तं आजीनं उकिरड्यावर नेऊन ठेवले. नकोसं हाय मनून दाखवाले. जगले. मग माह्या अगुदर एक भाऊ झाला मले. बाबानं त्याले पोळ्याच्या दिवशी खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं. आठ दिवसांत गेला. तवापासून या घरात बाप लेकराले हात लावत नाई."

"हे खोटं आहे."

"मलेबी खोटंच वाटते." त्यानं आपले तळहात तिच्यापुढं धरले, जणू ते दुसऱ्याचे असावेत. "पन हे उठत नाईत."

ओसरीवर उकंडरावांना खोकला आला, आणि चोर गोठ्याकडच्या दारानं पसार झाला.

दुसऱ्या दुपारी तो आला नाही. रुख्मिणीनं भांडी दोनदा घासली. तिसऱ्या दुपारी आला, तो धोतराच्या सोग्यात मुगाच्या हिरव्या शेंगा घेऊन.

"वाट पाहून राह्यली होती काय?"

"कुणाची? मी इथंच राहते."

"मीबी इथंच राह्यतो," तो म्हणाला. "पन आपली गाठ काई पडत नाई."

मग गाठ पडू लागली. रोज थोडीच... सासऱ्यांच्या दोन खोकल्यांच्या मधली. पाळण्याच्या अलीकडं ती, पलीकडं तो, आणि दोघांमध्ये झोपलेली दारका. शेंगा सोलताना बोटं आपटायची. मग दोघांपैकी कुणी तरी उगीचच पाळण्याची दोरी तपासायचं.

"तुले दिवसा पाह्यलं का लाज वाटते."

"कुणाला?"

"मलेच."

दोघंही तोंडावर हात धरून हसली. शेजारच्या खोलीत झुंबरबाई कुशीवर वळल्या. पाळणा थांबत नाही म्हणून त्या बिचाऱ्या रोज नवा बिब्बा ओवत होत्या. एव्हाना त्याची माळ झाली होती, आणि सुनेला खरं काय ते सांगता येत नव्हतं.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. ती दारकाला पाळण्यातून उचलून त्याच्यापुढं धरायची. "घ्या ना. एकदा." तो मागं सरायचा. पुढं व्हायचं ते एकच बोट. त्यानं तो दारकाचं पाऊल मोजायचा. "दोन पेरं अन् थोडंसं. परवापरीस वाढलं."

"हरिदासचंही मोजलं होतं?"

"दोन पेरं. पुरती नव्हती."

त्या दुपारी तिला त्याचा राग आला नाही, याचंच तिला भय वाटलं. हा माणूस आवडायला लागला तर? आणि हाच माणूस हरिदासच्या वेळेसारखा पुन्हा एकदा अंगणात मान खाली घालून उभा राहिला तर... मग कुठं जायचं?

तो दिवस लवकरच आला.

शनिवारी दारकाचं अंग तापलं. रविवारी सकाळी तिची बरगडी श्वासागणिक आत ओढली जाऊ लागली, पोट उडू लागलं. रुख्मिणीनं वडिलांचं घड्याळ काढलं आणि श्वास मोजले. एका मिनिटात अडुसष्ट. तिनं पुन्हा मोजले, चूक सापडावी म्हणून. बहात्तर.

"डबा झाला," झुंबरबाई म्हणाल्या. लहान पोरांची छाती भरणारा हा आजार; हरिदासलाही हाच झाला होता.

"गोजरबाईले बलावा," उकंडराव ओसरीवरून म्हणाले.

गोजरबाई गावातली पोरं डागायची. ती आली, शेगडी मागितली, सुई निखाऱ्यात खुपसली, दारकाला आपल्या पसरलेल्या पायांवर आडवी घेतली आणि झबलं वर केलं. पोट भात्यासारखं हलत होतं. हरिदासच्या पोटावरचे पाच डाग रुख्मिणीला अजून तोंडपाठ होते, कुठला कुठं ते.

ती ओसरीच्या उंबऱ्यात आली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती सासऱ्यांशी थेट बोलली.

"मामाजी, डागू नका तिला. चिखलीच्या दवाखान्यात नेऊ. दुपारची मोटार सडकेवर मिळेल."

उकंडरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. उत्तर झुंबरबाईंनी दिलं, आणि त्यांचाही आवाज कापत होता. "हरिदासले डागाले येळ झाला, मनून तो गेला, पोरी. आता काऊन आडवी येतं?"

"डागलं म्हणून तो..." कशानं गेला हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? तिला एवढंच ठाऊक होतं, की तो रडता रडता गेला.

निवृत्ती अंगणात पावसात उभा होता. मान खाली, अंगावर घोंगडी. रुख्मिणीनं त्याच्याकडं पाहिलं. सगळ्यांसमोर, डोक्यावरचा पदर न सावरता. जे मागायचं ते तिचं पंधरा दुपारी मागून झालं होतं.

सुई लाल झाली. गोजरबाईनं ती चिमट्यात धरली.

"सरक, गोजरमाय."

तो ओसरीवर कधी चढला हे कुणालाच कळलं नाही. त्याच्या पायांचं पाणी शेगडीवर उडून चर्र झालं. त्यानं वाकून दारकाला उचललं... अगदीच अडाण्यासारखं, तिची मान मागं लोंबकळली. रुख्मिणी धावली. सासऱ्यांच्या समोर तिनं त्याचा हात धरला आणि लेकीच्या मानेखाली सरकवला.

"मान धरा. अशी."

"निवरती," उकंडराव म्हणाले. "ठेव तिले खाली."

"नाई, बाबा."

"तुले माहीत हाय ना?"

"माहीत हाय." निवृत्तीचा तळहात लेकीच्या मानेखालून हलला नाही. "हरिदासले म्या घेतलं नव्हतं, बाबा. तोबी गेलाच."

उकंडरावांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी न घेताच एकदा मिटला.

सडकेपर्यंत पाऊण कोस चिखल होता. काळी माती पाय सोडत नव्हती. तो पुढं, घोंगडीखाली लेक. ती मागं, रीतीप्रमाणं चार पावलं. थोडं गेल्यावर तो थांबला.

"मांगं काऊन चालतं? बराबर चाल. तिचा श्वास पाहत राय. मले समजत नाई."

ती त्याच्या शेजारून चालू लागली. घोंगडीचं एक टोक त्यानं तिच्या डोक्यावर ओढलं. आत ओल्या लोकरीचा वास होता आणि लेकीचा तो भयंकर, घाईचा श्वास.

"केवढी हलकी आहे," तो थोड्या वेळानं म्हणाला. "मले वाटलं जड असते लेकरू. तो लय जड होता."

रुख्मिणीनं त्याच्या कोपराला हात लावला आणि तो तसाच राहू दिला.

"वाचली नाई तं..." तो म्हणाला. "म्या घेतली मनून, असं वाटंल तुले?"

"नाही."

"खरंच?"

"वाचली नाही, तर एवढंच वाटेल, की तिला तिचा बाप तरी ठाऊक होता." ती रडत होती, पण वाट दिसेल इतकंच. "आणि मला माझा नवरा."

सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला. निवृत्ती धावला. लेकीची मान त्यानं बरोबर धरली होती.

चिखलीच्या डॉक्टरांनी झबलं वर करून आधी पोट पाहिलं. "डागलं नाही? बरं केलंत." त्यापुढं त्यांनी कसलीही खात्री दिली नाही. तीन दिवस काहीच सांगता येत नव्हतं. चौथ्या दिवशी दारकानं दूध ओढलं. पाचव्या दिवशी निवृत्तीच्या भुवईखालच्या खोकेत बोट घातलं.

"कशी पडली हो ही खोक?" रुख्मिणीनं विचारलं.

"लहानपणी ओसरीवरून पडलो होतो. बाबा जवळच बसले होते." त्यानं लेकीचं बोट हातात घेतलं. "उठले होते ते. पन उचललं मायनं."

नवव्या दिवशी ते परतले. उघडीप होती. गावाच्या वेशीपाशी रुख्मिणीनं पदर सारखा केला, चार पावलं मागं झाली, आणि सवयीनं हात पुढं केले. "द्या इकडं तिला. आता ओसरी येईल."

"येऊ दे."

तो तसाच अंगणात शिरला, दारका खांद्यावर झोपलेली. झुंबरबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. उकंडरावांचा अडकित्ता थांबला. त्यांनी नातीची पाठ पाहिली, ती श्वासाबरोबर हलतेय ना हे बराच वेळ पाहिलं. मग मुलाकडं नाही, सुनेकडं नाही, समोरच्या भिंतीकडं पाहत म्हणाले,

"जमीन वली हाय. खाली नको ठेवू तिले."

आणि जाजमावर थोडे बाजूला सरकले. मुलाला बसता येईल इतके.

निवृत्ती बसला नाही. इतक्या वर्षांत वडिलांशेजारी कसं बसायचं, तेच त्याला सुचेना. तो लेकीला घेऊन ओसरीवर येरझारा घालत राहिला. नाल्याकडच्या बाजूला वळला की क्षणभर थांबायचा, मग पुन्हा वळायचा. रुख्मिणी चुलीपाशी भाकरी थापत होती, आणि प्रत्येक फेरीला दारातून तिला त्याचे पाय दिसत होते.

एका फेरीला ते पाय दारातच थांबले.

"हात भरून आला," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

तिनं पिठाचे हात झटकले, मान वर केली. "द्या मग इकडं."

"नाई," निवृत्ती म्हणाला. "नुसतं सांगून राह्यलो."