टाळीचं वळण

बसा जरा. चैतालीला तिच्या भावाने रिक्षातून दवाखान्यात नेलंय. हाताला प्लॅस्टर लागेल म्हणाला. टेकडीवर पळता पळता तिला वळणावर सायकलची धडक बसली, आणि तुम्ही चौघेही सायकलवाले म्हणता, आम्ही नव्हतो. वर पळणाऱ्यांनाच शिकवता, कानात गाणी घालून पळू नका म्हणून. भांडण उद्या करा. सरबत संपलंय, मला गाडी झाकायची आहे. तेवढ्यात एक हकिगत ऐका. माझ्या ओळखीच्या मुलाची आहे.

शार्दूल त्याचं नाव. कोथरूडला राहायचा, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम. पहिल्या बोनसमधून जाड टायरची सायकल घेतली. तिची घंटी खडखडते म्हणून इथेच माझ्यासमोर काढली आणि झाडीत भिरकावली. मी म्हटलं, "अरे, माणसं चालतात वर." तो हसला. "आबा, घंटी तुमच्या काळातली."

टेकडीच्या याच वाटेवर रंगराव पळायचे. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पळणं कसलं, भरभर चालणंच ते. त्यांची एक सवय होती. पलीकडचं दिसत नाही असं वळण आलं, की दोनदा टाळी वाजवायची. वरून येणारा सावध व्हावा म्हणून. त्यांचं पाहून बाकीचेही वाजवायला लागले. तुम्ही ज्याला टाळीचं वळण म्हणता, ते त्यांच्यामुळे.

त्या श्रावणात रंगराव त्याच वळणावरून खाली घळीत पडले. मांडीचं हाड मोडलं. पुन्हा उठले नाहीत. गणपती गेले, आणि मागोमाग तेही गेले. विचारेल त्याला सांगायचे, "पाय घसरला."

शार्दूल तेव्हापासून टेकडीवर दिसेना.

मग आली कार्तिकातली अमावास्या. देवदिवाळीची आदली रात्र. आईने त्याला पाषाणला मावशीकडे पाठवलं, फराळाचा डबा परत द्यायला. रिकामा डबा देऊ नये म्हणून आत मूठभर साखर घातलेली. जाताना तो रस्त्याने गेला. येताना चौकात गाड्या तुंबलेल्या. टेकडी ओलांडली की घर. सायकलला दिवा होता. चढला.

वर वारा नव्हता. पान हलत नव्हतं. उतार लागला. वळण आलं.

टाळी. दोनदा.

त्याने ब्रेक दाबला. सायकल कडेला घेतली. "या," म्हणाला, "आधी तुम्ही या."

कोणी आलं नाही.

बुटांचा आवाज आला. मुरमावरचा. कर्र... कर्र... जवळ आला. अगदी जवळ. थांबला.

दिव्याच्या उजेडात वाट दिसत होती. रिकामी.

धाप ऐकू येत होती. म्हाताऱ्या माणसाची. कानाशी.

"काका," शार्दूल म्हणाला, "त्या दिवशी मी..."

पुढचं येईना.

धाप थांबली. वाट बघत असल्यासारखी.

"मी..."

नाहीच आलं.

मग पावलं वळली. त्याच्या पुढे, उताराला. पुढच्या वळणावर टाळी. दोनदा. तो सायकल हातात धरून मागे चालत राहिला. पुढे टाळी... मागे तो... पार खालपर्यंत. इथले दिवे दिसले, आणि आवाज बंद.

मी असाच गाडी झाकत होतो. पोरगं समोर येऊन उभं राहिलं. पाणी दिलं. तेवढ्यात माझी नजर हँडलवर गेली.

घंटी. तीच, त्याने फेकलेली. टेकडी वाळून खडखडीत झालेली, आणि घंटीत ओला चिखल. श्रावणातला असावा तसा.

त्याने अंगठ्याने दाबली. वाजली नाही. पुन्हा दाबली. नाही. मी दाबली, तर खणखणीत वाजली.

तेव्हा तो बोलला. त्या दिवशी टाळी त्याने ऐकली होती. फोन वेळ मोजत होता, कुणाचा तरी विक्रम मोडायचा होता. म्हातारा सरकेल, असं वाटलं. खांदा लागला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"मला सांगून काय उपयोग," मी म्हटलं. "वेणूबाईंना सांग."

वेणूबाई म्हणजे रंगरावांची बायको. सकाळी तो त्यांच्या दारात गेला. त्याची सायकल बघून त्याच म्हणाल्या, "तूच का तो? हे म्हणाले होते, पोराचा ब्रेक लागला नसेल, कुणापाशी बोलू नकोस."

शार्दूलची मान वर होईना. "काकू," म्हणाला, "मी ब्रेक दाबलाच नव्हता."

त्यांनी दार लावलं नाही, आणि आत ये असंही म्हणाल्या नाहीत.

तिथून माझ्याकडे आला. घंटी दाबली. वाजली. मग काढून माझ्या हातात दिली आणि गेला.

ही बघा, गाडीच्या दांड्याला. दाबा, दाबून बघा.

हं. वाजली.

तू ये. वाजली.

तुझीही वाजली.

सौरभ, आता तू.

...

जोरात दाब.

...

पुन्हा.

...

राहू दे, बाळा. सोड. मी काही विचारत नाही. तू पोचेपर्यंत चैताली घरी आली असेल. जागी असेल अजून.

आणि जाण्याआधी हात पूस. अंगठ्याला चिखल लागलाय... ओला.