अज्ञात जागा

समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेत सुगंधा शिगवण पीएच.डी.च्या मुलाखतीला बसली होती. एमएस्सीला छपन्न टक्के. बोलावणं चुकून आलं असणार, काचेतून मासे दाखवून परत पाठवतील, असं ती धरूनच चालली होती.

“चुकून नाही,” भाकितयंत्र बनवणारे इम्तियाज नाखवा म्हणाले. “उमेदवार संशोधनात टिकेल का, हे आमचं यंत्र जुन्या विद्यार्थ्यांवरून सांगतं. पण कमी गुणांच्या मुलांना, सबळ कारण असल्याशिवाय, आम्ही कधी घेतलंच नाही. मग ती टिकतात का, हे त्याला कळणार कुठून? ते ‘माहीत नाही’ म्हणायचं, आम्ही ‘नको’ ऐकायचो.”

“आमच्या सासूबाई तशाच,” विभागप्रमुख मालिनी खेर म्हणाल्या. “घरात कारली कधी आणली नाहीत, आणि म्हणे सुनेला कारल्याची भाजी येत नाही.”

“म्हणून यंदा एक अज्ञात जागा ठेवली,” नाखवा पुढे म्हणाले. “ यंत्राला जो सर्वांत कमी कळतो, ज्याचा अनिश्चितांक सर्वांत मोठा, त्याला ती. तुझा आहे एक्क्याण्णव.”

हे कौतुक आहे की काय, ते सुगंधाला उमगेना. पण जागा हवी होती. बाकी सगळीकडून नकार आले होते. ही गेली की संशोधन संपलं.

खेरबाई मायाळू. फाईल वाचता वाचता त्यांना भरून आलं. “अगं, आई आजारी होती ना तुझी? गुण त्यामुळेच गेले. हे सांगायला नको का?” आणि त्यांनी ते यंत्रात नोंदवूनही टाकलं.

अनिश्चितांक घसरून बावीसवर आला.

“मॅडम, काय केलंत!” नाखवांनी कपाळाला हात लावला. “घरच्या आजारपणाने मागे पडलेली मुलं यंत्राला तोंडपाठ आहेत. आता हीही कळली त्याला. बरी आहे, पण नेहमीच्या जागेइतकी नाही. आणि अज्ञात जागाही गेली.”

खेरबाईंचा चेहरा उतरला. “खोडू या का?”

“खरं असेल तर कसं खोडणार?”

“खरं नाही ते,” सुगंधा हळूच म्हणाली. “आई पहिल्या वर्षी आजारी होती. तिच्या उशाशी बसून मी वाचायचे, तेव्हाचे गुण चांगले आहेत, बघा. घसरले ते ती बरी झाल्यावर.”

“ते का गं?”

“मलाच कळलेलं नाही, मॅडम.”

खेरबाईंनी गुणपत्रिका पाहिली. तसंच होतं. नाखवांनी आजारपण खोडून ‘कारण अज्ञात’ अशी दुरुस्ती केली. अनिश्चितांक चढत चढत अठ्ठ्याण्णववर थांबला आणि यंत्राने प्रवेश दिला.

खेरबाईंनी डोळे पुसत चहा मागवला.

“सर,” सुगंधाने विचारलं, “पुढे मी त्याला कळले की?”

“मग तुझ्यासारख्या, कारण न सांगता येणाऱ्या सगळ्यांचं भाकीत ते तुझ्यावरून करणार. तू टिकलीस तर त्यांना सरळ प्रवेश. नाहीतर सरळ नकार.”

सुगंधाने कप खाली ठेवला.

“अरे देवा,” ती म्हणाली. “म्हणजे आता अभ्यास करावा लागणार.”